पट्ट्यावरचा हात

आपली मुलगी उलटी चालते, हे अरुंधती सहसा कुणाला सांगत नसे. कुणी विचारलं, "वल्लरी काय करते हल्ली?" तर ती म्हणे, "सिनेमात कॅमेरा करते." मग समोरचं माणूस खूश होऊन नट-नट्यांची चौकशी करी, आणि अरुंधती हसून विषय संपवून टाकी. तिच्या डोळ्यांपुढे मात्र नट-नट्या कधी येत नसत. येई ती खांद्यावर कॅमेरा घेतलेली, एक डोळा त्यात खुपसलेली वल्लरी. समोरून नटी चालत येते आणि ही तिच्या पुढ्यातून मागे मागे सरकत जाते, जिन्यावरून, बांधावरून, ओल्या खडकावरून. पुढचं सगळं हिला दिसतं, मागचं काही दिसत नाही. आणि तिच्या मागे कोण उभं आहे, ते कुसगावातल्या स्वयंपाकघरात बसून अरुंधतीला दिसायची काही सोय नव्हती.

ही काळजी जुनीच होती, पण या कार्तिकात ती छातीवर येऊन बसली. वल्लरीने फोनवर सहज सांगितलं होतं, "आई, या वेळचं शूटिंग आपल्याकडेच आहे. वडिवळ्याच्या वरच्या धारेवर. हातात कॅमेरा घेऊन एक लांब शॉट करायचाय."

"धारेवर म्हणजे कड्यावरून?"

"कड्यावरून नाही गं, कड्याच्या बाजूने."

एवढ्याने कुठल्या आईचं समाधान होईल? तीन वर्षांपूर्वी वल्लरी पडली होती आणि तिच्या उजव्या टाचेत अजून पट्टी आणि स्क्रू होते.

वल्लरीचं हे वेड सुरू झालं ते लोणावळ्याच्या बाजारपेठेतल्या एका फोटो स्टुडिओत. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला असताना ती पासपोर्टचे फोटो काढायला गेली आणि परत आली ती लग्नाच्या शूटिंगचं काम घेऊन. स्टुडिओच्या मालकाला सगळे माऊलीदादा म्हणत. त्याला लग्नसराईत बायकांच्या खोलीत जाऊन शूटिंग करणारी मुलगी हवीच होती. अरुंधती स्वतः बी.ए. झालेली, लोणावळ्यातल्या एका पतसंस्थेत वीस-बावीस वर्षं नोकरी केलेली. "लग्नाचं व्हिडिओ शूटिंग? आणि बी.एस्सी. कशाला करतेयस मग?" असं तिने विचारून पाहिलं. वल्लरीचे बाबा, त्र्यंबक, तेव्हा रेल्वेत होते. ते म्हणाले, "जाऊ दे ना. चार लग्नं जेवून कंटाळेल."

ती कंटाळली नाही. मावळातली वरात म्हणजे काय असते, ते ज्याने पाहिलंय त्यालाच कळेल. पुढे बँड, मग नाचणारी पोरं, मग घोडा, आणि या सगळ्याच्या तोंडासमोर कॅमेरा घेतलेलं माणूस उलटं चालतंय. रस्ता धड नाही, मध्येच गटार, मध्येच म्हैस. माऊलीदादाने वल्लरीच्या कमरेला एक रुंद चामडी पट्टा बांधला आणि लाइट धरायला आलेल्या मुलांपैकी एकाला सांगितलं, "बुधा, लाइट दुसऱ्याकडं दे. तू हिचा पट्टा धर. ही पडली तर कॅमेरा पडेल, आन कॅमेरा पडला तर मी पडलो म्हणून समज."

बुधा वडिवळ्याच्या वरच्या ठाकरवाडीतला, वल्लरीच्याच वयाचा, मितभाषी. वाटेकडे तोंड, एक हात पाठीमागे वळवून वल्लरीच्या पट्ट्यात अडकवलेला, असा तो चाले. तोंडाने काही बोलून उपयोग नसे, बँडच्या आवाजात कोण ऐकणार? मग हातानेच बोलणं ठरत गेलं. पट्टा डावीकडे ओढला की डावीकडे, वर उचलला की पायरी, घट्ट आवळला की जागच्या जागी थांबायचं. माऊलीदादाचा वल्लरीला एकच दम होता: पट्ट्यावर हात आहे तोवर मागे वळून बघायचं नाही. नवरदेवाचा बाप ओरडू दे, नाहीतर घोडा उधळू दे.

पुढे वल्लरी मुंबईला गेली. वर्षानुवर्षं दुसऱ्यांच्या हाताखाली कॅमेऱ्याच्या पेट्या उचलल्या, मग फोकस सांभाळायला लागली, मग मालिका, मग जाहिराती. थोडं बस्तान बसल्यावर तिने बुधाला बोलावून घेतलं. शूटिंगवाल्यांच्या भाषेत तो आता ग्रिप झाला होता, म्हणजे कॅमेरा हलवायची, टांगायची, पेलायची सगळी जबाबदारी त्याची. पण वल्लरीने कॅमेरा खांद्यावर घेतला की बाकी सगळं सोडून तो पट्टा धरी. तिच्या पहिल्या मराठी सिनेमात पाटी आली, "छायाचित्रण: वल्लरी", तेव्हा त्र्यंबक थिएटरचे दिवे लागले तरी उठेनात. अरुंधती म्हणाली, "अहो, चला ना." ते म्हणाले, "थांब गं. खाली बारीक अक्षरात बुधाचं पण नाव यायचंय." ते आलं, मगच उठले.

त्र्यंबकांना या कामाचं भय कधी वाटलंच नाही, याचं अरुंधतीला नवल वाटे आणि रागही येई. त्यांनी उभी नोकरी बोरघाटात काढलेली. कर्जतला गाडीच्या शेपटाला बँकर इंजिनं लागतात आणि गाडीला मागून ढकलत घाट चढवतात. त्यातलं एक इंजिन ते चालवत. "पुढच्या ड्रायव्हरला मी कधी दिसलो का?" ते म्हणत. "दिसत नव्हतो म्हणून काय गाडी लोणावळ्याला पोचली नाही?"

"तुमच्या गाडीला रूळ होते," अरुंधती म्हणे. "माझ्या पोरीला तेवढेही नाहीत."

आणि मग ती पडलीच. परराज्यात कुठल्या तरी जाहिरातीचं काम होतं. बुधा बहिणीच्या लग्नासाठी वाडीवर आला होता आणि त्या कंपनीने पट्टा धरायला आपला एक माणूस दिला होता. शॉट चालू असताना त्या माणसाच्या खिशातला फोन थरथरला. त्याने हात काढला तो फोन बंद करायला, बोलायला नव्हे, असं वल्लरी नंतर त्याची बाजू घेऊन सांगायची. ती माल चढवायच्या ओट्यावरून खाली गेली. कॅमेरा वाचवताना टाचेचा चुरा झाला.

पुढचे कितीतरी महिने ती कुसगावच्या घरात पडून होती. बुधा पहिल्यांदा आला तो हातात पिशवी घेऊन, आणि पिशवी हलत होती. "खेकडे हायती, मावशी. वड्यातले. रस्सा करून द्या, हाडं लवकर धरत्यात." अरुंधतीच्या घरात तोवर अंडंही शिजलेलं नव्हतं. तिने एकदा पिशवीकडे पाहिलं, एकदा वल्लरीच्या पायाकडे पाहिलं आणि म्हणाली, "मला येत नाही. मागच्या अंगणात चूल मांडते. तू कर." मग दर आठवड्याला अंगणात चूल पेटू लागली. त्र्यंबकही वाटी घेऊन जाऊ लागले. विचारलं तर म्हणत, "गुडघे दुखतात हल्ली."

काठी सुटली त्या दिवसांतली गोष्ट. अरुंधती बाजारातून आली तर वल्लरी घराच्या बोळात भिंतीला हात लावून चालत होती. चालत होती ते ठीकच होतं, पण उलटी. पाठ दाराकडे आणि पाय सावकाश मागे मागे.

"सरळ नीट चालता येईना, आणि हे काय चाललंय?"

"आई, सरळ कुणीही चालतं," वल्लरी म्हणाली. तिच्या कपाळावर घाम होता. "मला हे यायला पाहिजे."

अरुंधतीने तेव्हा पुष्कळ समजावलं. पुण्यात शिकवायची नोकरी बघ. आता ड्रोन आहेत, ते हँडलला लावून चालायचे कॅमेरे आहेत. एवढे डोंगर पालथे घालायला तूच कशाला? वल्लरी ऐकून घेई आणि दुसऱ्या दिवशी परत बोळात उलटी चाले. हळूहळू ती कामावर गेली, पण ट्रॉलीवरची, स्टँडवरची कामं घेऊ लागली. खांद्यावर कॅमेरा घेऊन उलटं चालणं तिने त्या दिवसापासून केलं नव्हतं. ते आता करणार होती, आणि तेही धारेवर. पुन्हा पडली तर ती टाच सांधणार नाही, एवढं डॉक्टरांनी स्पष्ट सांगून ठेवलं होतं. आणि धारेवरून पडलेल्याची टाच कोण बघत बसतो?

"तू येऊ नकोस हं बघायला," वल्लरीने बजावलं. "तू आलीस की मला तुझं तोंड दिसत राहतं."

अरुंधती गेली. त्र्यंबकांनी गाडी काढली, वडिवळ्याच्या धरणापर्यंत नेली आणि पुढे शूटिंगवाल्यांच्या जीपने दोघं वर गेली. भातं कापून झाली होती, पठारावरचं गवत पिवळं पडलं होतं आणि वारा नुसता कानशिलात बसत होता. त्र्यंबक जनरेटरवाल्याशी इंजिनाच्या गप्पा मारायला लागले. अरुंधती लांब, झुडपाआड एका खडकावर बसली. तिथे आधीच एक बाई बसलेली होती. डोक्याला फडकं, मांडीवर विळा, काटक अंगकाठीची. तिने सरकून जागा दिली.

"शूटिंग बघाय आलाव?"

"माझी मुलगी आहे. कॅमेऱ्यावर."

बाई वळून नीट बघायला लागली. "मंजी तुमी ताईच्या आई? मी बुधाची. भागुबाई." आणि लगेच म्हणाली, "त्यानं मला येऊ नगं म्हणून सांगितलंया."

"मलाही," अरुंधती म्हणाली. दोघींना हसू आलं.

वाट अशी होती: एका हाताला डोंगराचा गवताळ उतार, दुसऱ्या हाताला काहीच नाही. मध्ये एक वळण. सिनेमातली बाई डोक्यावर भारा घेऊन बोलत बोलत त्या वाटेने यायची होती आणि तिच्या चेहऱ्यासमोर वल्लरी मागे सरकत जायची होती. ट्रॉलीचे रूळ घालायला जागाच नव्हती. तालीम झाली. अरुंधतीने पदराचं टोक दातात धरून ती पाहिली. वल्लरीच्या कमरेला तोच रुंद पट्टा होता, त्यात बुधाचा हात. शिवाय पट्ट्याला अडकवलेला एक दोर खडकात ठोकलेल्या खुंटीला बांधलेला दिसत होता. अरुंधतीला जरा बरं वाटलं.

मग खरा शॉट सुरू झाला. सगळीकडे चिडीचूप झालं. बाई बोलत येऊ लागली, वल्लरी मागे मागे निघाली. टाच टेकतेय, उचलतेय, टेकतेय. वळण आलं. अरुंधती बसली होती तिथून बघताना वल्लरीचा उजवा पाय थेट हवेत पडतोय असं दिसलं. पाऊल खाली येतंय आणि त्याखाली जमीनच नाही!

"वल्ले! मागे बघ!"

ती कधी उठून उभी राहिली, तिलाच कळलं नाही. आवाज पलीकडच्या कड्यावर आदळून परत आला. भाऱ्यावाली बाई थबकली. लाइटवाले, छत्रीवाले, सगळे वळून बघायला लागले. वल्लरी तेवढी वळली नाही. मानसुद्धा नाही. पट्टा आवळला गेला तशी ती जागच्या जागी थांबली, कॅमेरा खांद्यावर तसाच, आणि मग पट्ट्याने ओढलं तिकडे एक पाऊल सरकून उताराच्या बाजूला उभी राहिली. दिग्दर्शक ओरडला, "कट!"

भागुबाईने अरुंधतीचं मनगट पकडलं होतं, आणि चांगलं करकचून पकडलं होतं. "हाळी कशापायी मारली वो?" ती दबक्या आवाजात म्हणाली. "तुमची पोर न्हाई वळली. माझं पोरगं वळलं की!"

अरुंधती बघतच राहिली. हे खरं होतं. बुधाचा चेहरा अजून त्यांच्याच दिशेला होता.

"आदी पाय रवलं त्यानं, मग बगितलं, म्हणून बरं," भागुबाई म्हणाली. "न्हाईतर? ताई गेली आसती तर त्यो काय पट्टा सोडनार हाय व्हय? दोर तिला हाय. त्याला कुटं हाय दोर?"

अरुंधती खडकावर खाली बसली. बुधा वल्लरीच्या मागे आहे, की नाही, एवढंच इतकी वर्षं तिने विचारलं होतं. आहे म्हटलं की तिला झोप लागे. वल्लरीच्या ओझ्याने तोही जाईल, आणि त्याच्यासाठीही कुणी तरी असं विळा मांडीवर घेऊन बसलेलं असेल, हे तिच्या डोक्यातही आलं नव्हतं.

वल्लरी आणि बुधा चालत आले. अरुंधतीला वाटलं, आता बोलणी खावी लागणार. त्याआधी ध्वनिमुद्रण करणारा पोरगा कानावरची यंत्रं काढत आला. "काकू, आवाज एकदम खणखणीत आलाय. सिनेमात ठेवू का?"

सगळे हसले. अरुंधतीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मी सांगितलं होतं येऊ नकोस," वल्लरी म्हणाली, पण तिचं तोंड रागावलेलं नव्हतं. उलट उजळलं होतं. कॅमेरा खाली ठेवून ती आईच्या शेजारी टेकली.

"तुला ऐकूच नाही आलं?"

"न यायला काय झालं? पार पवनानगरला ऐकू गेलं असेल."

"मग वळली नाहीस ती?"

"वळले असते तर तोल गेला असता ना, आई." वल्लरी बाटलीतलं पाणी घटाघटा प्यायली. "मला वाटत होतं, पडल्यापासून ते गेलंय माझ्यातलं. नुसता पाला वाजला तरी मान वळेल अशी भीती होती. आणि आज तू हाक मारलीस. तुझ्या हाकेला नाही वळले म्हणजे आता कशालाच वळणार नाही मी."

लहानपणी अंगणातून "वल्ले!" म्हटलं की पार शाळेच्या वळणावर गेलेली पोर मागे बघायची. तिने आज बघितलं नाही. अरुंधतीच्या मनात काहीतरी खट्कन तुटल्यासारखं झालं खरं, पण त्याच्या मागोमाग, किती तरी दिवसांनी, तिची धास्तीही उतरली. ती वल्लरीचा घामेजला हात पुसत राहिली.

मग तिने बुधाकडे पाहिलं. "तुला दोर का नाही रे?"

"मला कशाला, मावशी? म्या काय उलटा चालतो?"

"उलटा चाल नाहीतर सुलटा. आधी तुला दोर, मग शॉट." ती अशी म्हणाली की दिग्दर्शकाने मुकाट्याने दुसरा दोर आणायला माणूस पिटाळला. वल्लरी कपाळाला हात लावून म्हणाली, "खरंच माझ्या डोक्यात आलं नाही गं." बुधा लाजून नुसता हसत होता. भागुबाईने शिदोरीच्या फडक्यातून तांदळाची भाकरी आणि खर्डा काढला आणि अर्धी भाकरी अरुंधतीच्या हातावर ठेवली.

दुपारून पुन्हा शॉट लागला तेव्हा भागुबाईने डोळे गच्च मिटून घेतले. "मला न्हाई बघवत. तुमी बघा आन मला सांगा."

"मी सांगू? मला तरी कुठे बघवतंय?"

"तुमी शिकल्याल्या. बघा."

शिकण्याचा आणि याचा काय संबंध, हे विचारायला वेळच नव्हता. अरुंधती बघू लागली, आणि ओठ न हलवल्यासारखं करून कुजबुजू लागली. निघाले. सरळ आहेत. बुधा पुढे बघतोय. वळण आलं. गेलं वळण. गेलं? भागुबाईने डोळे न उघडता विचारलं. गेलं हो. दोघंही? दोघंही. नुसतं आपल्या पोरीकडे बघताना जो जीव टांगणीला लागायचा, तो दोघांची खबर देताना जरा थाऱ्यावर राहतोय, असं तिला जाणवलं. शॉट संपला, लोकांनी टाळ्या वाजवल्या, वल्लरीने कॅमेरा उतरवला आणि बुधाच्या पाठीत एक धपाटा घातला. तेव्हा भागुबाईने डोळे उघडले आणि पहिली गोष्ट कुठली केली असेल, तर अरुंधतीचा फोन मागितला. आपल्या कमरेच्या पिशवीतला बटणांचा फोन काढून तो तिच्या पुढ्यात धरला. "तुमचा लंबर ह्यात घाला. माझा तुमच्यात घाला. पोरं काय सांगत्यात व्हय आपल्याला?"

धारेवरचं काम आणखी राहिलं होतं, वाऱ्याने मध्ये दोनदा बंद पडलं. अरुंधती पुन्हा वर गेली नाही. आपण गेलो नाही तरी चालेल, असं तिला मनापासून वाटलं, आणि ते वाटल्याचं तिलाच नवल वाटलं. भागुबाईचीही भाताची झोडणी सुरू झाली होती, तिला खळं सोडून वर जाता येण्यासारखं नव्हतं. खळ्यावरून तिला संध्याकाळी धारेवर लागलेले शूटिंगचे दिवे तेवढे दिसत.

शेवटच्या दिवशी दिवेलागणीला वल्लरीचा मेसेज आला. "पॅकअप. धार संपली. दोघं खाली उतरलो. पाय एकदम ठीक. मी तासाभरात घरी. पोहे कर."

अरुंधतीने तो मोठ्याने वाचून दाखवला. त्र्यंबक वर्तमानपत्रामागून म्हणाले, "बघ. पोचली की नाही गाडी?" आज तिने वाद घातला नाही. पातेल्यात पोहे घेतले, नळाखाली धुतले, चाळणीत निथळायला ठेवले. कांदा चिरायला घेतला आणि गुणगुणायला लागली. मग तिचा हात थांबला.

तिने मेसेज पुन्हा उघडून वल्लरीला लिहिलं, "बुधा कुठाय? घरी गेला का?"

उत्तर आलं, "नाही गं. सामानाच्या गाडीबरोबर डायरेक्ट मुंबईला निघाला. उद्या पेट्या परत करायच्यात."

म्हणजे तो वाडीवर गेला नव्हता. आईला फोन करून "मी नीट आहे" असं सांगणारा तो मुलगा नव्हे, हे इतक्या वर्षांत तिला ठाऊक झालं होतं. भागुबाई आत्ता खळ्यावर असेल. अंधार पडायला आलाय, धारेवरचे दिवे आज लागलेले दिसत नाहीत, आणि ते का लागले नाहीत, हे तिला कळायला काही मार्ग नाही. हातातली पेंडी झोडायची थांबवून ती वर बघत असेल.

अरुंधतीने हात पुसले आणि फोनमध्ये भागुबाईचं नाव शोधायला घेतलं.

"आता कुणाला?" त्र्यंबकांनी विचारलं. "येतेच आहे ना ती?"

"आपली येतेय," अरुंधती म्हणाली. "तिचा नाही येत आज. तिला कोण सांगणार?"